कच्चा टाका

पैज मी लावून घेतली, ही चूक माझीच, हे आधीच सांगून टाकतो. ढापण्या म्हणाला, शिंपीकाकांच्या दुकानात खिळ्याला ती निळी झोळी लटकते ना, ती गळ्यात घालून पुलापर्यंत जाऊन ये, आठवडाभर माझी सायकल तुझी. ढापण्याची सायकल गिअरवाली. आणि मला कुणी 'तुझ्यात दम नाही' म्हटलं की माझं डोकं चालायचं बंद होतं. हो म्हटलं. वर माझं शहाणपण असं, की रिकामी झोळी काय घालायची, आत उशी घालू, म्हणजे रस्त्यावरच्या चार जणांची तरी तंतरेल.

उशी आत्याची ढापली. आत्या आमच्याकडेच राहते, छापखान्यात पुस्तकं शिवते, आणि तिला गाठींचं वेड आहे. डब्याचं फडकं असो, कचऱ्याची पिशवी असो, बुटाची नाडी असो, तीन गाठी मारते. मारताना पुटपुटते पण. एक, दोन, आणि ही तिसरी. मी काय करायचो, ती चप्पल शोधायला वळली की डब्याच्या तिन्ही गाठी सोडून ठेवायचो. मग तिचा चेहरा बघायचा. पांढराफटक. एकदा तर जिन्यातच बसली. मी गॅलरीत हसून लोळत होतो.

झोळी म्हणजे बाळाला पोटाशी बांधून न्यायची ती. जाड कापड, दोन्ही बाजूंना शिवलेले रुंद पट्टे. पट्टे खांद्यांवरून मागे न्यायचे, कमरेशी गाठ मारायची, हात मोकळे. काकांनी ती कधी कुणाला विकली नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. का विचारलं की लगेच इस्त्री फिरवायला लागायचे.

गुरुवारी रात्री आठ चाळीसला लाईट गेली. काका मेणबत्ती शोधायला मागच्या खोलीत गेले. ढापण्याला म्हटलं, चल, उशी घेऊन माझ्या मागे ये. आत शिरलो, चाचपडत झोळी काढली, पट्टे मागे नेले, घाईत एकच गाठ मारली आणि कुजबुजलो, "टाक रे."

पोटाशी काहीतरी अलगद येऊन बसलं.

तेवढ्यात काका मेणबत्ती घेऊन आले. मी दोन-तीन थापा तयारच ठेवल्या होत्या. पण काका ओरडले नाहीत. मेणबत्ती मशीनवर टेकवली, माझ्याजवळ आले आणि दोन्ही तळवे झोळीच्या खाली धरले.

"हळू," म्हणाले. "आधी खाली बस. धक्का लागू देऊ नकोस."

मी स्टुलावर बसलो. ढापण्या दारातच पायरीवर, अंधारात. म्हटलं, काका, मस्करी होती, काढून ठेवतो. काका म्हणाले, आता नको काढू. मग ते माझ्या समोर जमिनीवर बसले, हात तसेच खाली, आणि शर्टाची बाही किती ठेवायची हे सांगावं तशा आवाजात सांगायला लागले.

त्यांच्या ओळखीचा एक शिंपी होता. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. दुकानात गिऱ्हाइकापेक्षा गप्पा ऐकायला येणारे जास्त. त्याच्याकडे एक बाई नऊ महिन्यांची पोरगी घेऊन आली. कामावर पोरीला न्यायला परवानगी मिळाली होती, पण कामाला दोन्ही हात लागायचे. म्हणून झोळी शिवायला टाकली.

आता शिंप्याचं कसं असतं, काका म्हणाले, नवीन गोष्ट आधी कच्च्या टाक्यावर जोडायची. पांढरा दोरा, लांब लांब टाके, फक्त मापाला धरून ठेवण्यापुरते. घालून बघायची. बरोबर बसली की मशीनवर पक्की टीप मारायची आणि पांढरा दोरा ओढून काढायचा. बाईने घालून बघितली. बरोबर बसली. पोरगी आत बसून खुदकन हसली, बाई पण हसली. शिंपी तेव्हा कुणाला तरी विनोद सांगत होता. एका पट्ट्याला टीप मारली. दुसरा उचलणार, तर विनोदाचा शेवट आला. सगळे हसले... त्याने झोळीची घडी घातली आणि बाईच्या हातात दिली.

"मग?" ढापण्याने दारातून विचारलं.

मग पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी ती कामावरून येत होती. कालव्याच्या पुलाच्या पायऱ्या उतरत होती. एका हातात डबा, एका हातात कठडा. तिने नंतर सांगितलं, आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. फक्त एकदम हलकं वाटलं.

मेणबत्ती तडतडली. माझ्या पोटाशी उशी गरम लागत होती. म्हटलं माझ्याच अंगाची ऊब असेल.

दहा दिवसांनी बाई झोळी घेऊन दुकानात आली. एक पट्टा सुटलेला. लोक म्हणत होते, गाठच नीट मारली नसणार हिने, कामाची घाई. तिने शिंप्याला विचारलं, दादा, तुम्हाला यातलं कळतं. शिलाई गेली की माझी गाठ सुटली?

शिंप्याने बघितलं. कापडाच्या काठाला पांढरा दोरा होता. वीतभर. त्याने तो ओढला, तोंडात घातला, शिंपी घालतात तसा. आणि गिळला. मग म्हणाला, गाठ, ताई. गाठ सुटली की सगळा भार एकाच बाजूला येतो, मग पट्टा उसवतो. शिलाई पक्की होती.

"आणि तिने मानलं?" मी विचारलं.

"मानलं. झोळी टेबलावर ठेवली. म्हणाली, घरात नको." काकांनी तळवे झोळीखाली नीट सरकवले. "भांडली असती तरी चाललं असतं रे."

शिंप्याने त्याच संध्याकाळी सुटलेल्या पट्ट्याला टीप मारली. एक नाही, चार. झोळी खिळ्याला लावली. बुधवार होता. रात्री सव्वादोनला त्याला जाग आली. दुकानात कुणीतरी होतं. रडणं नव्हतं. श्वास होता. झोपलेल्या पोराचा... बारीक. तो उठून आला. वारा नाही. पंखा बंद. झोळी हलत होती. खालून फुगलेली. कापड ताणलेलं. आणि पट्ट्याला चार टिपा नव्हत्या. एकच ओळ. पांढरी. कच्ची. टाका... टाका... एकेक उसवत होता.

तो धावला. झोळीखाली हात धरून उभा राहिला.

सकाळपर्यंत.

एकवीस वर्षं झाली. तो रोज संध्याकाळी टीप मारतो. रोज रात्री ती कच्ची होते. तो रोज खाली हात धरून बसतो.

उशी जड झाली होती. खूप नाही. झोपलेलं पोर होतं तेवढी. मला दुसरंच काही आठवत होतं. विचारलं, काका, ती बाई कामाला कुठे होती?

"छापखान्यात."

आमच्या घरी एक फोटो आहे, टोपडं घातलेल्या पोरीचा. त्याबद्दल कुणी बोलत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

"ती तीन गाठी मारते," मी म्हटलं. "प्रत्येक गोष्टीला. अजून."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढा मोठा माणूस मेणबत्तीच्या उजेडात एकदम लहान झाला.

"तीन?" त्यांनी विचारलं. "डब्याला पण?"

मी मान हलवली. डब्यालाच जास्त.

ते उठले. शटर ओढलं नाही, मेणबत्ती विझवली नाही. मला म्हणाले, चल, तुझ्या घरी. काढू नकोस. पायऱ्यांवर दोन्ही हात खाली धर.

पुलाच्या पायऱ्या तेवीस आहेत. मी त्या रोज तीन-तीन उड्या मारत उतरतो. त्या रात्री एकेक उतरलो. दोन्ही हात झोळीखाली. पुढे काका, उलटे, माझ्याकडे तोंड करून, हात पसरलेले. मागे ढापण्या. तळव्यांना कळत होतं... आत काहीतरी श्वास घेत होतं.

घराशी पोचलो तेव्हा लाईट आली. आत्याने दार उघडलं. आधी काकांना बघितलं, मग झोळी, आणि तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला. बोलली मात्र भलतंच. माझ्या मागे बघून म्हणाली, "अरे, माझी उशी तुझ्याकडे काय करतेय?"

मी वळलो. उशी ढापण्याच्या काखेत होती.

"मी आत आलोच नव्हतो," तो म्हणाला. "घाबरलो होतो रे."

काका पायरीखालीच थांबले होते. म्हणाले, "ताई, तुमची गाठ सुटली नव्हती. टाका माझा कच्चा होता. मला तेव्हाच दिसलं होतं. मी खोटं बोललो."

आत्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या हातांच्या खाली तिचे हात घातले. वजन घेतलं. ओळखीचं वजन असतं, तसं घेतलं. डोळे मिटले.

किती वेळ... माहीत नाही.

मग एकदम हलकं वाटलं.

आत्याने झोळी चाचपली. रिकामी. मग माझ्या मागे गेली, कमरेशी हात नेला. मी घाईत मारलेली ती एकच गाठ.

"आहे," ती म्हणाली. "बघ ना. गाठ आहे."

तेवढंच म्हणत राहिली. काका रस्त्यावर, खाली मान घालून रडत होते. दिव्याखाली मी पट्टा बघितला. चार टिपा, पक्क्या, निळ्या दोऱ्याच्या. आणि झोळीच्या तळाशी वीतभर पांढरा दोरा. ओला. कुणाच्या तोंडातून आत्ताच काढल्यासारखा.

मला गप्प बसता आलं असतं. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "तुझ्या डब्याच्या गाठी सुटत नाहीत. मी सोडतो. दर वेळी मीच सोडायचो."