निळ्या कोटाचे दोन कोट

काडीने कात्री हातात घेतली खरी, पण ती चालवायला हात धजेना. जेवणाच्या टेबलावर आईचा निळा लोकरीचा कोट पालथा पसरला होता. पाठीवर खडूच्या रेघा आखून झाल्या होत्या.

"पुन्हा एकदा सांगतो," वकील म्हणाला, "कापलेला कोट परत न कापलेला होत नाही. नंतर माझ्याकडे दाद मागायला यायचं नाही."

वकील म्हणजे काडीचा मावसभाऊ. ऊन पडलंय म्हटलं तरी तो पुरावा मागायचा, म्हणून हे नाव. काडीला काडी का म्हणतात, ते तिला बघितलं की कळायचं. तिसरा गोटी, काडीचा धाकटा भाऊ. तो टेबलाखाली बसून जुन्या शर्टांची बटणं उसवत होता आणि हळूच स्वतःच्या खिशात घालत होता.

हिवाळ्याची सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात गिरणीमागच्या वस्तीला आग लागली. माणसं वाचली, घरं गेली. ती सगळी कुटुंबं आता या तिघांच्याच शाळेत राहत होती, वर्गातली बाकं भिंतीला सरकवून. गल्लीच्या टोकाला सभागृह होतं, तिथे लोकांनी कपडे आणून टाकले. पण ते सगळे मोठ्या माणसांचे. शाळेत मुलंच जास्त, आणि थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावायचं.

"मग कापा आणि लहान करा," मावशी म्हणाली होती. "घरात मशीन आहे, तुम्हाला सुट्टी आहे. आणखी काय हवंय?"

मशीन आईचं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून मावशी आणि वकील इथेच राहत होते. काडी त्याच मशीनवर आईजवळ बसून शिवायला शिकली होती. पोरांनी सभागृहातून गाठोडं आणलं, पँटींच्या पायांतून लहान पँटी काढल्या, स्वेटरांच्या बाह्या आखूड केल्या. गरम कोट मात्र त्यात एकही नव्हता. तेव्हा काडीने कपाट उघडलं.

"काप ना," गोटी टेबलाखालून म्हणाला. "नाहीतर नको कापूस. पण काहीतरी एक कर."

बाबा दारात उभे होते. ते कधी आले, कुणाला कळलं नाही. काडीला वाटलं, आता ते नको म्हणतील. म्हणाले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण ते टेबलाजवळ आले, कोटाची एक बाजू दोन्ही हातांनी ताणून धरली आणि म्हणाले, "ढिलं राहिलं तर वाकडं कापलं जाईल."

काडीने कापलं.

त्या एका कोटातून दोन लहान कोट निघाले. दुसऱ्याच्या बाह्या लावताना निळा दोरा संपला, तर काडीने पिवळा लावला. सगळे कपडे पोत्यांत भरून, तोंडं सुतळीने बांधून त्यांनी सभागृहात पोचवले. तिथले सेक्रेटरीकाका फोनवर बोलत होते. त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं, तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि फोनवरचं बोलणं पुढे चालू ठेवलं.

त्या रात्री काडीला बऱ्याच दिवसांनी पडल्या पडल्या झोप लागली.

मग काही दिवसांनी गोटीच्या सायकलची साखळी तुटली. तिघं कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने साखळी जोडली, चाक फिरवून बघितलं आणि हात पुसायला एक फडकं उचललं. निळं, लोकरीचं. काळ्या तेलाने माखलेलं.

काडी जागची हलेना.

"काय झालं?" वकिलाने विचारलं.

"ती बाही आहे," काडी म्हणाली. "पिवळा दोरा बघ."

वकिलाने फडकं हातात घेतलं, उलटलं, सुलटलं. एरवी त्याने दहा शंका काढल्या असत्या. या वेळी त्याने एकही काढली नाही.

"काका, हे कुठून आणलंत?"

"चिंध्यांच्या गोदामातून," गॅरेजवाला म्हणाला. "नदीकाठी आहे ना, ते. जुने कपडे घेतात, फाडतात, पुसायला विकतात. का रे? तुमचं आहे? घेऊन जा मग."

काडीने ती बाही घडी करून स्वेटरच्या आत ठेवली. तेलाचा वास घरापर्यंत तिच्याबरोबर आला.

"कुणीतरी चोरून विकले," गोटी म्हणाला. "मला तर तो सभागृहाचा रखवालदार आधीपासूनच आवडत नाही."

"तो तुला गच्चीवर जाऊ देत नाही म्हणून तुला आवडत नाही. याला पुरावा म्हणत नाहीत," वकील म्हणाला. "आधी सेक्रेटरीकाकांना विचारू."

सेक्रेटरीकाका आजही घाईतच होते. वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता आणि रंगमंचाचा नवा पडदा अजून शिवून आला नव्हता.

"कपडे? कधीच वाटले," ते म्हणाले. "पोती मी स्वतः गाडीत चढवली."

"उघडून बघितली होती?" वकिलाने विचारलं.

"बांधलेली पोती उघडायची कशाला? बाळांनो, चांगलं काम केलंत, आता खेळा जाऊन."

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. काडीने आत डोकावून बघितलं. झाडून पुसून लख्ख केलेली रिकामी खोली. तिथून ते तडक शाळेत गेले.

आपलाच वर्ग असा बघायची तिघांनाही सवय नव्हती. फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख तशीच होती आणि फळ्याखाली कुणाची तरी चूल-भांडी मांडलेली होती. खिडक्यांच्या काचा तडकलेल्या, म्हणून तिथे जाड लाल कापड लावलं होतं. कोपऱ्यात एक चिमुरडी बसली होती. अंगावर तेच लाल कापड गुंडाळलेलं, आणि त्याची सोनेरी झालर तिच्या पायांशी लोळत होती.

"सभागृहातून पोती आली होती ना?" काडीने तिच्या आईला विचारलं.

"आली की," ती बाई म्हणाली. "त्यात हे पडदे होते. जुने आहेत, पण जाड आहेत. खिडक्यांना झाले, पोरीला झाले."

"कपडे नव्हते?"

"नाही गं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

बाईने चिमुरडीच्या खांद्यावरून घसरलेलं कापड वर ओढलं. "देणाऱ्याला काय सांगायचं, हे का दिलं म्हणून?"

शाळेच्या पायरीवर बसून तिघांनी जुळवाजुळव केली. त्यात फार डोकं चालवावं लागलं नाही. रंगमंचाचे जुने पडदे भंगारात द्यायचे म्हणून पोत्यांत भरले होते. शेजारीच कपड्यांची पोती. तोंडं दोन्हींची बांधलेली. पडदे शाळेत गेले आणि कपडे गोदामात.

"म्हणजे चोर कुणीच नाही?" गोटी हिरमुसला.

"कुणीच नाही," वकील म्हणाला. "नुसता निष्काळजीपणा."

काडीला वाटलं, चोर असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

ते परत सभागृहात गेले, पण सेक्रेटरीकाकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "सोमवारच्या बैठकीत बघू," म्हणाले. गोदामाकडे धावले, तर तिथल्या पहारेकऱ्याने फाटकातूनच हाकललं. आत यंत्राचं पातं खटाखट चालू होतं. सोमवारपर्यंत तिथे काय शिल्लक राहणार, हे विचारायची गरज नव्हती.

बाबा कामासाठी परगावी गेले होते. मावशीने गोदामात फोन लावला, तो कुणी उचलला नाही.

"आतले लोक चहाला बाहेर येतात," गोटी म्हणाला. "मी बघितलं. फाटकाशी उभे राहून नुसता चहा पितात. बरोबर खायला काहीच नसतं बिचाऱ्यांना."

काडीने त्याच्याकडे बघितलं, मग वकिलाकडे. मग तिघांनी मिळून बटाट्यांच्या टोपलीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बटाट्यांचे कागदासारखे पातळ काप केले. पाण्यात धुऊन फडक्यावर पसरले, कोरडे केले. "तेलाजवळ तुम्ही नाही, मी," असं म्हणून मावशीने कढई घेतली. काप फुलून सोनेरी झाले की काडी वर मीठ-मिरपूड भुरभुरवायची.

"हे कुणाला?" मावशीने विचारलं.

वकिलाने घसा खाकरला, पण काडीने सरळ खरं ते सांगून टाकलं. मावशीने कढईतले काप झाऱ्याने निथळून काढले.

"मीठ जरा हात सैल सोडून घाल," ती म्हणाली. "म्हणजे चहा जास्त पितील आणि तुम्हाला वेळ मिळेल. आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभी असेन. आत गेलात की काही हात लावायचा नाही."

गोदामाच्या फाटकाशी पोचले तेव्हा चहाची सुट्टी झालीच होती.

"मुलांना आत मनाई आहे," पहारेकरी म्हणाला.

"आम्ही बाहेरच आहोत," वकील अदबीने म्हणाला. "वास आत जातोय, त्याला मनाई असेल तर सांगा."

पहारेकऱ्याने डब्यात बघितलं. एक काप उचलला. मग मूठभर उचलले. बघता बघता कामगारांचा घोळका जमला. गोटी कागदाचे पुडे भरून देऊ लागला आणि प्रत्येकाला कपड्यांची यंत्रं कशी चालतात ते विचारू लागला. त्याला सगळ्यांनीच एकदम उत्तरं दिली.

"त्या बाई आत एकट्या बसल्यात, त्यांना एक पुडा देऊन येऊ?" फाटकातून आत बोट दाखवत काडीने विचारलं.

"दे, पण लगेच बाहेर ये," पहारेकरी तोंडातल्या घासासकट म्हणाला.

आत धूळ होती आणि छपरापर्यंत कपड्यांचे ढीग. ती बाई पाटावर बसून कपड्यांची बटणं कापत होती. तिच्या पुढ्यातल्या ढिगात काडीला आखूड केलेल्या बाह्यांचा स्वेटर दिसला. मग पँटी. मग निळा कोट. बाईने तोच उचलला आणि कात्री लावली.

"थांबा. तो कोट आहे," काडी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"कोटच येतात इथे, बाळ," बाई म्हणाली. पण काडीचा चेहरा बघून तिने कात्री खाली ठेवली. काडीने सगळं सांगितलं. पिवळ्या दोऱ्याच्या दुसऱ्या कोटाचं काही उरलंय का, तेही विचारलं. बाईने मान हलवली. "तो गेला गं. परवाच यंत्रातून गेला."

काडीने खाली बघितलं. कापलेली बटणं डब्यात पडली होती. रडू आलं होतं, पण रडायला वेळ नव्हता.

बोलणं ऐकून मुकादम आला. भला माणूस होता, पण त्याचेही हात बांधलेले होते. "माल वजनावर घेतलाय. तुमच्या सांगण्यावरून कसा परत देऊ? ज्यांनी दिला त्यांना आणा. संध्याकाळपर्यंत ढीग बाजूला ठेवतो. त्यापुढे नाही जमायचं."

"सेक्रेटरीकाका येतात कसले," बाहेर आल्यावर गोटी म्हणाला.

"इथे नाही येणार," वकील म्हणाला. "पण दुसरीकडे येतील."

तो सभागृहात गेला आणि फार विनयाने म्हणाला, "काका, शाळेतल्या बायका तुम्ही पाठवलेल्या पोत्यांबद्दल बोलत होत्या. तुम्ही एकदा भेटायला याल का?"

सेक्रेटरीकाकांनी फोन खाली ठेवला, केसांवरून कंगवा फिरवला आणि ठेवणीतला कोट चढवला.

वर्गाच्या दारात ते हसत शिरले. तडकलेल्या खिडकीवर त्यांना स्वतःच्या रंगमंचाचा पडदा दिसला. त्यांना वाटलं असावं, काहीतरी घोटाळा झालाय. मग ती चिमुरडी समोर आली. अंगाभोवती लाल कापड, मागे फरफटणारी सोनेरी झालर, आणि खाली अनवाणी पाय. ओठ थंडीने काळसर पडलेले. तिच्या आईने पुढे होऊन हात जोडले. "फार उपकार झाले, साहेब."

सेक्रेटरीकाकांचं हसू गेलं. मग ते मागे वळून काडीला एवढंच म्हणाले, "कुठे आहे ते गोदाम?"

मुकादमाशी बाजूला जाऊन त्यांनी काय ते मिटवलं आणि दिवेलागणीच्या आत कपडे शाळेत आले. सगळे नाही. बरेचसे कापून गेले होते. या वेळी पोत्यांची तोंडं त्यांनी स्वतः सोडली आणि एकेक कपडा स्वतः मापाने वाटला. गल्लीतले लोक जमले होते. परगावहून परतलेले बाबाही मावशीशेजारी येऊन उभे होते.

"पोतं उघडून बघायला मला वेळ नव्हता," सेक्रेटरीकाका सगळ्यांसमोर म्हणाले. "ही पोरं नसती तर मला कधी कळलंही नसतं. चूक माझी, आणि कपडे यांनी शिवलेले. शाबासकी द्यायची तर यांना द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी वकिलाचा हात हातात घेऊन हलवला. मावशी गोटीला जवळ घेऊन म्हणाली, "माझी पोरं हुशार आहेत हो," आणि गोटीने त्या भरात खिशातली सगळी बटणं काढून तिच्या हातात ठेवली.

काडी मात्र त्या चिमुरडीकडे बघत होती. तिला झालर सोडायची नव्हती. निळा कोट तिने नाइलाजाने अंगात घातला आणि तोंड फुगवून उभी राहिली. बाह्या बोटांवरून खाली आल्या होत्या.

"मोठा झाला का?" काडीने काळजीने विचारलं. "मी आत्ता दुमडून देते."

चिमुरडीच्या आईने कोटाची कड उलटून आत बघितलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं होतं, बाह्यांना, खालच्या घेरालाही. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"माया किती सोडलीयेस गं," ती म्हणाली. "पोर वाढेल तसं उसवत जाऊ. चांगली दोन-तीन वर्षं पुरेल. कुणी शिकवलं तुला?"

"आईने."

"तिला सांग, कोट फार छान झालाय."

काडीने मागे बघितलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी काही ऐकलं नसल्यासारखं केलं, पण डोळे तेवढे पुसले.

"सांगते," काडी म्हणाली आणि खाली बसून त्या लहान कोटाचं वरचं बटण लावू लागली.