एका माणसाची मात्रा

सानिका रणवरेने आईचा साक्षी खण स्वतः उघडला नाही; चिमटा तिने यंत्र सांभाळणाऱ्या सादिककडे दिला.

शिरवळच्या माळावरच्या या मात्रागृहात आसपासच्या तालुक्यांतल्या रुग्णांचे औषधडबे दर आठवड्याला भरले जात. औषधं इथे गोळ्यांच्या पाकिटांतून येत नसत. ती यायची मोहरीएवढ्या दाण्यांच्या रूपात, मोठाल्या पिंपांतून. काचेच्या नळ्यांमधून ते दाणे घरंगळत खाली येत आणि मात्रायंत्र ते एकेक मोजून ज्याच्या-त्याच्या नावाच्या डब्यात टाकी. सकाळचा खण वेगळा, रात्रीचा वेगळा. प्रत्येक डब्याबरोबर एक जादा खण अगदी तसाच भरून इथल्या कपाटात जपला जाई. कधी काही घोटाळा झालाच, तर त्या खणाने साक्ष द्यायची. एवढ्या वर्षांत एकाही साक्षी खणाचं सील तोडायची वेळ आली नव्हती.

पहिली वेळ आली ती सानिकाच्याच आईवर. मात्रा ठरवणारं गणित सानिकाने लिहिलेलं होतं.

सकाळी शेजारच्या बाई दूध द्यायला गेल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली दिसली. फलटणच्या रुग्णालयात नेईपर्यंत तिच्या हृदयाचे ठोके मोजायलाही कठीण झाले होते. रक्तात लयरक्षक औषध असायला हवं त्याच्या दुप्पट सापडलं. हेच औषध गेली काही वर्षं तिचं हृदय ताळ्यावर ठेवत होतं.

डॉक्टर हेंद्रेंनी फोनवर आडपडदा ठेवला नव्हता. त्यांच्याकडे उतारा होता. पण हे औषध रक्तात दोन कारणांनी साचू शकतं, ते म्हणाले. एकतर पोटात जास्त गेलं असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाने त्याचा निचरा अडवला असेल. पहिलं कारण असेल तर उतारा तिला वाचवेल. दुसरं असेल तर तोच उतारा तिला मारेल. त्यांना अंदाज नको होता, खात्री हवी होती. आणि ती देऊ शकणारी जागा एकच होती, म्हणून सानिका आईच्या उशाशी नसून इथे, पन्नास किलोमीटरवर उभी होती.

सादिक शिकलगारने दाणे विरघळवून तपासणीयंत्रात घातले. मात्रायंत्राचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हाताखालून गेलेला. फलटणचे डबे आजच भरायचे होते. त्या डब्यांचा सरकता पट्टा त्याने थांबवून ठेवला होता. किती वेळ थांबवायचा, एवढंच त्याने विचारलं.

"फार वेळ नाही थांबवता येणार," सानिका म्हणाली. "लोकांकडे परवापुरतेच दाणे असतील. हे औषध एकदम तुटलं तर आठवडाभरात हृदयाची लय कधीही विसकटू शकते. माणूस बसल्या जागी जातो."

पडद्यावर आलेख उमटला. एकच टोक, स्वच्छ, सरळ. लयरक्षक, आणि दुसरं काहीही नाही. दाण्यांची संख्याही नोंदीशी तंतोतंत जुळत होती.

तिने हेंद्रेंना कळवलं. त्यांनी विचारलं की गेल्या आठवड्यात मात्रा किती होती. तेवढीच, ती म्हणाली. आणि गेल्या आठवड्यात रक्तातलं प्रमाण? अगदी बरोबर.

"मग तीच मात्रा घेऊन आज दुप्पट कसं झालं? म्हणजे निचरा अडलाय. कशामुळे, ते मला दिसत नाही. सानिकाताई, अशा वेळी मी उतारा देऊ शकत नाही. ठोके आणखी खाली चाललेत. लवकर बघा."

सानिकाने फोन टेबलावर ठेवला आणि आईच्या गेल्या तीन वर्षांच्या मात्रांचा आलेख उघडला. रेषा एखाद्या घाटरस्त्यासारखी हळूहळू चढत गेली होती आणि सुरुवातीच्या दुप्पट उंचीवर जाऊन सपाट झाली होती.

"एवढी?" सादिक म्हणाला. "तुमच्या आई तर चिमणीएवढ्या आहेत."

"काहींचं आतडं औषध नीट शोषत नाही. त्यांना जास्त लागतं. त्यासाठीच तर हे सगळं उभं केलं." गेली तीन वर्षं पाहुण्यांना सांगायची तेच ती सांगत होती. "दंडावरची वेधपट्टी डबा बदलायच्या दिवशी रक्तातलं औषध मोजते. कमी भरलं तर यंत्र पुढच्या डब्यात थोडे दाणे वाढवतं. जास्त भरलं तर लगेच कमी करतं. वाढवताना जपून, कमी करताना ताबडतोब. वय, वजन, पुस्तकातली मात्रा, काही बघायचं नाही. रक्तात योग्य प्रमाण आलं की झालं."

"म्हणजे रक्तात किती पोचलं ते यंत्राला कळतं."

"हो."

"आणि डब्यातून किती निघालं तेही कळतं. खण रिकामा झाला नाही तर डबा बोंबलतो."

"हो, सादिक."

"मधलं नाही कळत," तो म्हणाला. "डब्यापासून तोंडापर्यंतचं."

तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे पुरतं नव्हतं. फोन वाजत होता. अप्पांचा होता.

अप्पा, म्हणजे तिचे वडील, निवृत्त क्रीडाशिक्षक. आईला जो विकार, तोच डॉक्टरांनी त्यांनाही सांगितला होता, आईच्याही आधी. पण अप्पांनी वेधपट्टी पहिल्याच दिवशी उचकटून कचऱ्यात टाकली. आपलं हृदय म्हणजे काही चावी द्यायचं घड्याळ नाही, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. सानिकाने समजावलं, हृषीने, तिच्या धाकट्या भावाने, भांडण केलं, अबोला धरला. आईने मात्र कधी शब्द काढला नाही. अप्पा मुलीच्या यंत्राची टर उडवत तालमीत जात राहिले आणि ठणठणीत राहिले. माझा डबा म्हणजे तुझ्या आईची मोरावळ्याची बरणी, असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. रोज सकाळी आई त्यांच्या हातावर त्यातला एक चमचा ठेवायची, तेवढ्यावर आपली प्रकृती उभी आहे, अशी त्यांची खात्री. त्यात हार मानावी लागते ती फक्त सानिकाला, याचा त्यांना आनंद.

आता त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. ते सारखे थांबत होते, धाप लागल्यासारखे. रडत असावेत, असं तिला वाटलं. त्यांना रडताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"सानू, सापडलं का काही?"

"बघतेय, अप्पा. तुम्ही कधी पोचलात?"

मघाशीच, ते म्हणाले. ते गेला आठवडाभर बार्शीला आत्याकडे होते. तिच्या घराचं काम निघालं होतं. सकाळी निरोप मिळाल्याबरोबर मिळेल त्या एसटीत बसून आले होते. आईजवळ आत सोडत नव्हते, म्हणून बाहेर बाकावर होते.

"काही खाल्लंत का?"

"बसमध्ये चमचाभर मोरावळा खाल्ला. तिने बरणी बरोबर दिली होती ना." ते पुन्हा थांबले. "पण तो घरच्यासारखा लागतच नाही बघ. घरी ती हातावर ठेवते तो जरा कडसर असतो, दाताखाली कचकचतो. हा नुसता गोड. बरणी तीच, आवळे तेच. तिच्या हातातच काहीतरी आहे. तुझ्या आईला काही झालं तर…"

पुढचं त्यांना बोलवेना. हृषीने फोन घेतला. अप्पा फार दमलेत, त्यांना जरा पडू दे, असं तो हळू आवाजात म्हणाला आणि फोन बंद झाला.

सानिका टेबलाकडे वळली. समोरच्या ताटलीत साक्षी खणातले उरलेले दाणे होते, पिवळसर, मोहरीएवढे. तिने एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला.

कचकन फुटला. कडू.

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार तिला आठवली. नवा डबा आईपुढे ठेवून ती कौतुकाने सगळं समजावत होती आणि आई भाजी निवडता निवडता ऐकत होती. मध्येच आईने एक प्रश्न विचारला होता. माझ्या अंगात औषध कमी पडलं, तर डबा आपणहून वाढवून देतो ना? सानिका म्हणाली होती, हो आई, तुला कधी कमी पडू देणार नाही तो. आईने मान डोलावली होती आणि पुन्हा भाजीकडे वळली होती.

"सादिक," ती म्हणाली, "आई निम्मे दाणे अप्पांना देत होती. मोरावळ्यातून. आणि अप्पा आठवडाभर गावाला होते."

सादिकला कळायला वेळ लागला नाही. आई दाणे वाटून द्यायची. तिच्या रक्तात औषध कमी भरायचं. यंत्र पुढच्या डब्यात वाढवायचं. असं करत करत मात्रा दुप्पट झाली, तेव्हा तिच्या वाट्याचे दाणे तिला पुरेसे पडायला लागले आणि रेषा सपाट झाली. आतडी तिची उत्तम होती. यंत्र तीन वर्षं एका नावावर दोन माणसं जगवत होतं.

"पण मग या आठवड्यात त्यांनी सगळे दाणे का घेतले?" सादिकने विचारलं. "निम्मे ठेवून द्यायचे."

"खण रिकामा झाला नाही की डबा वाजतो आणि मला कळतं. टाकून द्यायचं म्हटलं तर ती शिळी पोळीसुद्धा टाकत नाही." सानिकाचा आवाज फुटला. "आणि तिला वाटलं असेल की डब्याला कळलंय अप्पा गावाला गेल्याचं, तो सांभाळून घेईल. मीच सांगितलं होतं ना, डब्याला सगळं कळतं म्हणून."

तिने हेंद्रेंना फोन लावला आणि जमेल तितक्या थोडक्यात, क्रमाने सगळं सांगितलं. निचरा अडलेला नाही. दुसरं कुठलंही औषध नाही. आठवडाभर दोन माणसांची मात्रा एकटीच्या पोटात गेली आहे.

"नक्की?"

"नक्की. द्या उतारा."

पलीकडे धावपळीचे आवाज आले. सानिका फोन कानाशी धरून राहिली. सादिकने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, पण तिने तो उचलला नाही. बऱ्याच वेळाने हेंद्रे पुन्हा बोलले, तेव्हा त्यांचा सूर सैलावला होता. ठोके वर येत होते. अजून जपायला हवं, पण वेळेवर सांगितलंत, ते म्हणाले.

सानिका स्टुलावर बसली. यंत्र निर्दोष ठरलं होतं. सादिकने खूण करून विचारलं, पट्टा सुरू करू? तिने मान डोलावली आणि तो पलीकडच्या दालनात गेला. नळ्यांमधून दाणे घरंगळल्याचा सरसर आवाज सुरू झाला. तिच्या चाचणीकक्षाच्या काचेपलीकडून फलटणचे डबे एकामागून एक पुढे सरकायला लागले.

आई जगेल. हे वाक्य तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन माणसांची मात्रा एकटीच्या पोटात गेली होती, म्हणून ती पडली. आता ती मात्रा उतरेल.

दोन माणसांची मात्रा एकटीच्या पोटात.

ग्लास तिच्या धक्क्याने आडवा झाला. तिने हृषीचा नंबर लावला.

"ताई, ऐकलंस ना? आई डोळे उघडतेय—"

"अप्पा कुठे आहेत?"

"बाहेर. बाकावर. अगं, झोप लागलीय त्यांना. मी शाल घातली अंगावर."

"हृषी, त्यांना उठव."

"दमलेत गं ते. तिथून आल्यापासून धापा टाकतायत, जिना चढताना दोनदा बसले. पडू दे जरा. आई शुद्धीवर आली की—"

"हृषी, आठवडाभर अप्पांच्या पोटात एक दाणा गेलेला नाही. डॉक्टरांना घेऊन त्यांच्याकडे जा. आत्ता. फोन बंद करू नकोस."

त्याने का म्हणून विचारलं नाही. फोनमधून त्याच्या चपलांचा आवाज आला, एक दार ढकलल्याचा, कुणाला तरी त्याने मारलेली हाक. मग लांबवरून त्याचाच आवाज.

"अप्पा, उठा."

पट्ट्यावरून आईचं नाव असलेला डबा सरकत काचेसमोर आला. आईच्या दंडावरच्या वेधपट्टीने रुग्णालयातूनच दुप्पट प्रमाण कळवलं होतं आणि कमी करायचं ते यंत्र ताबडतोब करी. नळी उघडली, दाणे पडले, नळी मिटली. सकाळचा खण. रात्रीचा खण. प्रत्येक खणात बरोबर निम्मे.

"अप्पा," हृषी म्हणाला. आणि मग पुन्हा, पण या वेळी उठा म्हणाला नाही.

डब्याचं झाकण लागलं. यंत्राने आपली चूक सुधारली होती; आता डब्यात एकाच माणसाचं औषध होतं.