फुगडीला जोडीदार

“ओ, तो वॉकर माझा आहे!”

मुलुंडच्या फिजिओच्या दवाखान्यात मी एवढी ओरडले, की तो उंच माणूस दारातच थांबला. वळला... हसला.

“मग माझा तुमच्या हातात कसा?”

खाली बघते तर काय – माझ्या हातातल्या वॉकरला त्याचा निळा रुमाल बांधलेला. चूक माझीच, आधी मीच त्याचा उचललेला. पण कबूल करेल ती सुलक्षणा कसली! “आधी रुमाल धुवा,” म्हटलं.

सीताराम राणे त्याचं नाव. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. विक्रोळीत पोरांना कबड्डी शिकवायचा. ऑपरेशन दोघांचं एकच – खुब्याचं हाड घासून वर धातूची टोपी. त्याला परत मैदानात उतरायचं होतं, मला गौरीला फुगडी घालायची होती. सून म्हणाली, “आई, यंदा बसून बघा.” मी बसून बघू? चाळीत पहिली फुगडी माझी असते!

मग शेजारी-शेजारी पाय उचलणं सुरू झालं. तो कण्हला की मी टोमणा मारायची. मला घाम फुटला की तो पंखा माझ्याकडे वळवायचा... गुपचूप.

“सगळ्यांना भाऊ म्हणता. मलाच नाही?”

“तुमचं तोंड भावासारखं नाही.”

कान लाल झाले त्याचे. माझेही – मी पदर घेतला.

वॉकर सुटला, काठी सुटली. शेवटच्या दिवशी व्यायाम घेणारी श्रुतिका म्हणाली, “काकी, डॉक्टर हो म्हणाले. हळू फिरा, उड्या नाहीत. पण आधी माझ्यासमोर फुगडी घालून दाखवा.”

“जोडीला कोण?”

सीताराम पुढे आला. पुरुषाबरोबर फुगडी! चाळीला वर्षभर पुरलं असतं.

हातांची फुली केली, चवडे जुळवले. पण अंग मागे टाकवेना. नवरा गेल्यापासून घर मी एकटीने ओढलं, कुणावर भार टाकायची सवयच नाही.

“झुका मागे.”

“सोडलंत तर?”

“तर मीही पडेन, सुलक्षणाबाई.”

झुकले. खुबा गप्प राहिला – काळीज नाही. गोल फिरलो. थांबलो, तरी हात तसेच.

“उद्यापासून भेट नाही मग...” तो पुटपुटला.

“का नाही? गौरीला घरी या.”

“मी कोण म्हणून सांगाल?”

सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मला हसूच फुटलं.

“सांगेन, यांच्याशी लग्न करतेय. तुम्ही फक्त नाही म्हणून दाखवा!”

“नाही बुवा,” तो म्हणाला, “ती हिंमत कुणात आहे?”