चेष्टा

पडद्यावरची बोट धुक्यात दिसेनाशी झाली, दिवे लागले आणि थिएटरचे सरळ दोन तुकडे झाले. अर्धे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. उरलेले अर्धे ओरडत होते, शिट्ट्या मारत होते आणि पॉपकॉर्नचे रिकामे डबे पडद्याच्या दिशेने उगारत होते.

‘सातवं बेट’ संपलं होतं. तेत्सु नावाचा पार्सल पोचवणारा एक मुलगा लहानपणी हरवलेल्या हारुकोला बेटामागून बेट शोधत फिरतो, इतकीच गोष्ट. ती चार वर्षं एका जपानी मालिकेतून चालली आणि आज या शेवटच्या चित्रपटात हारुको एकदाची सापडली. तेत्सुनं तिच्या हातात पार्सल दिलं. ती ‘आभारी आहे’ म्हणाली. आणि तो आपलं नावही न सांगता बोटीकडे परत फिरला!

नूपुर टाळ्या वाजवत होती. डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

‘‘टाळ्या कसल्या वाजवतेय ही बाई!’’ शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी पुटपुटलं. ‘‘डोकं फिरलंय हिचं.’’

शुद्ध मराठीत! कोलकात्यात घराबाहेर मराठी कानावर पडायची ती फार तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. नूपुर सावकाश वळली.

‘‘फिरलेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘जागेवर आहे.’’

तो इतका दचकला की चष्मा नाकावरून घसरला. उंच, किडकिडीत, आणि — हे तिनं नीट पाहून घेतलं — त्याचेही डोळे लाल होते.

‘‘सॉरी... तुम्ही मराठी?’’

‘‘इथलीच, बेहाल्याची मराठी. आणि तुम्ही?’’

‘‘चिंचवडचा. सेक्टर फाइव्हला नोकरी करतो. अजेय.’’ मग त्याला आपला राग आठवला. ‘‘पण खरं सांगा, हा काय शेवट झाला? चार वर्षं शोधलं तिला! नुसतं ‘मी तेत्सु’ म्हणायचं होतं. दोन शब्द!’’

‘‘त्याला अभिमान झाला होता,’’ नूपुर म्हणाली.

‘‘अभिमान? कशाचा? पार्सल वेळेवर पोचवल्याचा?’’

ती हसायला लागली. मग बाहेर, छताच्या कडेवरून पाऊस गळत असताना, तिनं त्याला समजावून सांगितलं. बांगला भाषेत अभिमान म्हणजे गर्व नव्हे. आपल्या माणसानं आपल्याला न विचारताच ओळखावं, असं वाटतं आणि ते ओळखत नाही... तेव्हा आत जे दुखतं, ते. परक्या माणसाबद्दल ते होतच नाही.

‘‘मग रुसवा म्हणा ना सरळ.’’

‘‘रुसवा समजूत काढली की जातो.’’

अजेय तिच्याकडे पाहत राहिला. पाऊस थांबला होता हे दोघांच्याही लक्षात यायला जरा वेळ लागला.

*

दुसऱ्या दिवशी कोलकात्याच्या चाहत्यांच्या ग्रुपवर रण माजलं. कुणी लिहिलं, चार वर्षं उपाशी ठेवलं आणि पानावर बसवून नुसतं हात धुवायला पाणी दिलं. कुणी लिहिलं, इतका खरा शेवट आजवर झाला नाही. एका मुलीनं हारुकोसारखे निळे रंगवलेले आपले केस निषेध म्हणून कापून टाकले आणि फोटो टाकला. ग्रुप चालवणारा सलील बिचारा दोन्ही बाजूंना हात जोडत होता. संध्याकाळपर्यंत ग्रुप फुटून दोन झाले.

अजेय आणि नूपुरनं आपसात त्यांना नावं दिली — भेटवाले आणि बोटवाले.

भेटवाल्यांत सगळ्यांत मोठा आवाज अजेयचा. ‘ज्यानं हा शेवट लिहिला त्याला प्रेम कळलेलं नाही,’ त्यानं लांबलचक पोस्टमध्ये लिहिलं. ‘प्रेम करणाऱ्या माणसानं बोललं पाहिजे. न बोलणं म्हणजे मोठेपणा नव्हे, तो भेकडपणा आहे.’

नूपुरनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि आता जादवपूरच्या एका प्रयोगशाळेत ती लेसरच्या आरशांशी झटापट करायची. कुठलीही गोष्ट पुरावा पाहिल्याशिवाय सोडायची तिला सवय नव्हती. ती तो चित्रपट पुन्हा पाहून आली आणि अजेयला तिनं लिहिलं, ‘हारुको पार्सलवरचा पत्ता वाचतच नाही. ती त्याच्या हातांकडे बघते. तिनं ओळखलंय त्याला. मग ती का नाही बोलली? ओरडायचं तर दोघांवर ओरड.’

उत्तर आलं, ‘हे भांडण समोरासमोर करायचं आहे. रविवारी?’

तो रविवार झाला, पुढचाही झाला. दुर्गापूजेचे दिवस जवळ आले होते. बेहाल्याच्या गल्ल्यांत मांडवांचे बांबू उभे राहिले होते आणि फुटपाथवरून चालताना दर दहा पावलांवर वाकावं लागत होतं. अजेय उंच, त्यामुळे त्याचं कपाळ आपटायचंच. मग नूपुर बांबूला हात लावून म्हणायची, ‘‘लागलं का रे तुला?’’ — बांबूला!

‘‘खालच्या मजल्यावरच्या मासीमा मला फार आदर करतात,’’ एकदा ती सहज बोलून गेली.

‘‘साठीच्या बाई तुझा आदर करतात? एवढं काय केलंस तू?’’

‘‘अरे, आदर म्हणजे... लाड. जवळ घेणं, गालावरून हात फिरवणं...’’

‘‘अच्छा!’’ अजेयचे डोळे चमकले. ‘‘मग मला तुझ्याबद्दल नितांत आदर आहे, असं मी बांगलात म्हटलं तर चालेल?’’

‘‘मार खाशील.’’

‘‘कुणाचा? मासीमांचा?’’

‘‘माझा,’’ ती म्हणाली. आणि तरी पुढच्या बांबूपाशी त्यानं तिच्या गालावर चिकटलेली ओली बट हलकेच मागे सारली, तेव्हा तिनं त्याला मारलं नाही.

नूपुर तीन वर्षांची असताना वडिलांची बँकेतून इथं बदली झाली होती. तिची मराठी घरात बोलण्यापुरती, आईवडिलांकडून उचललेली. शाळा, भांडणं, मैत्रिणी, सगळं बांगलात. घराबाहेरच्या कुणाशी ती मराठीत कधी लाडात आली नव्हती, रागावली नव्हती, गप्प बसली नव्हती. अजेयशी बोलताना तिला वाटायचं, घरातल्या बंद कपाटातली साडी आपण पहिल्यांदाच बाहेर नेसतोय. जरा आखूड असेल... पण आपली आहे.

‘‘तू मराठी बोलतेस ना,’’ अजेय म्हणायचा, ‘‘तेव्हा मला इथं करमतं.’’

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं सांगितलं, की त्याची पुण्याला बदली झाली आहे.

‘‘कंपनीचं काही खरं नसतं,’’ तो मेट्रोच्या खिडकीकडे बघत म्हणाला. ‘‘पंधरा डिसेंबरला जायचंय.’’

नूपुरनं ‘हो का’ म्हटलं. तेवढंच सुचलं. पण रात्रभर तिच्या डोक्यात त्याचंच वाक्य फिरत राहिलं, प्रेम करणाऱ्या माणसानं बोललं पाहिजे. ती बोटवाली होती खरी. पण ते पडद्यावर. इथं तिला बोट नको होती. तो थांबायला तयार होईल का, नाही तर निदान आपलं काहीतरी ठरवून जाईल का, हे तिला विचारायचं होतं, आणि विचारायला एकच रविवार उरला होता.

त्या रविवारी माझेरहाट स्टेशनवरून लोकल पकडून ती दोघं नदीकाठच्या बजबजला गेली. नदी तिथं चांगलीच रुंद आहे. पलीकडचा काठ उन्हात पांढुरका दिसत होता आणि ज्यूट मिलच्या भिंतीपासच्या पायऱ्यांवर दोघं शेंगदाणे खात बसली. अजेय पुण्यातल्या घराबद्दल बोलत होता. गच्चीबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. नूपुरच्या कानात काही शिरत नव्हतं. ती मनात वाक्य जुळवत होती. बांगलात ते केव्हाच जुळलं होतं. पण हे मराठीतच बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

‘‘अजेय...’’

‘‘हं?’’

‘‘तू जाऊ नकोस. थांब इथं. माझ्याबरोबर.’’

शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात तशीच राहिली. ‘‘काय म्हणालीस?’’

तिला पुढचे शब्द सापडेनात. अजून किती सांगायचं होतं! तो थांबू शकत नसेल तर तीही विचार करेल, पुण्यातही प्रयोगशाळा आहेत... पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

‘‘थांब ना... मी चेष्टा करतेय...’’ ती कशीबशी म्हणाली.

क्षणभर त्यानं नदीकडे पाहिलं. मग त्याचे खांदे सैल झाले.

‘‘चेष्टा!’’ तो मोठ्यानं हसला. ‘‘बाप रे! घाबरवलंस मला.’’

ती त्याच्याकडे बघतच राहिली. ‘‘मी चेष्टा करतेय... आणि तू हसतोस?’’

‘‘मग काय रडू?’’ तो म्हणाला, उठला आणि पँट झटकायला लागला. ‘‘चल, चारची लोकल मिळेल.’’

ती उठली. इतक्या कष्टानं बोलायला गेले आणि हा हसला! परतीच्या गाडीत ती एक शब्दही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही.

पंधरा तारखेला तो गेला. विमानतळावरून मेसेज आला, ‘काळजी घे.’ पुढे हसरा चेहरा.

*

जानेवारीतल्या एका दुपारी तिची आई, सुहासिनी, विळीवर नारळ खवत बसली होती. नूपुर शेजारी बसून खोबऱ्याचे कण तोंडात टाकत होती. आईनं बरेच दिवस काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

‘‘तो अजेय फोन करतो की नाही गं?’’

‘‘नाही.’’ आणि मग एकाएकी तिला रडूच फुटलं. ‘‘मी किती चेष्टा केली गं आई, त्याला सांगायची...’’

‘‘त्याची चेष्टा केलीस? का?’’

‘‘त्याची नाही! त्याला सांगायची. थांब म्हणून. मी चेष्टा करतेय असं म्हटलंसुद्धा, तर हसायला लागला.’’

आईचा हात विळीवर थांबला.

‘‘नूपुर... त्याला हेच म्हणालीस तू? या शब्दांत?’’

‘‘हो. का?’’

‘‘अगं, चेष्टा म्हणजे थट्टा. टिंगल. त्याला वाटलं असणार, तू मस्करी करतेयस. तुला प्रयत्न म्हणायचं होतं, बाळा.’’

नूपुरनं हातातलं खोबरं खाली ठेवलं. ‘‘मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?’’

आईनं पदरानं डोळे टिपले. ‘‘चार वर्षांची होतीस. ‘आई, मी चेष्टा करते बूट घालायची,’ म्हणायचीस. इतकं गोड वाटायचं ते... बाबा तर मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायचे. सुधारायचं राहूनच गेलं बघ.’’

त्या रात्री नूपुर कितीतरी दिवसांनी शांत झोपली. तिच्या आनंदाला एक कारण होतं, आणि ते तिच्या शिक्षणाला धरूनच होतं. प्रयोगाचं उत्तर चुकीचं येतं आणि मग कळतं की आरसाच किंचित तिरका बसला होता. अशा वेळी रडायचं नसतं. आरसा सरळ करायचा आणि पुन्हा मोजायचं. अजेय तिला नाही म्हणाला नव्हता. त्याला प्रश्न पोचलाच नव्हता!

फेब्रुवारीत तो कामासाठी दोन दिवस येणार असल्याचं ग्रुपवर कळलं. फोनवर सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. मधले दिवस ती आरशासमोर उभी राहून तो शब्द म्हणत होती. प्रयत्न. मी प्रयत्न करत होते. जोडाक्षरावर जीभ अडखळायची. पुन्हा म्हणायची.

*

सेक्टर फाइव्हला, त्याच्या ऑफिसासमोरच्या चहाच्या टपरीवर तो आला. केस बारीक कापले होते. मातीच्या भांड्यातला चहा घेऊन दोघं बाकावर बसली.

‘‘बारीक झालीस,’’ तो म्हणाला.

‘‘मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.’’ तिनं श्वास घेतला. ‘‘बजबजला मी ‘चेष्टा करतेय’ म्हणाले ना, ते मराठीतलं नव्हतं. ते इथलं होतं. इथं चेष्टा म्हणजे... प्रयत्न. मी थट्टा नव्हते करत, अजेय. मी सांगायचा प्रयत्न करत होते.’’

अडखळली नाही! ती हसली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आता त्याला धक्का बसेल, तो कपाळावर हात मारेल, ‘वेडी गं वेडी’ म्हणेल...

त्याचा चेहरा बदललाच नाही.

शेजारच्या बाकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एकजण, प्रयत्न करतोय, आजच पाठवून देतो, असं फोनवर साहेबाला काकुळतीनं सांगत होता, ‘‘चेष्टा कोरछी दादा, चेष्टा कोरछी. आजकेई पाठिये देबो.’’

नूपुरनं त्या माणसाकडे पाहिलं. मग समोरच्या काचेच्या इमारतीकडे. मग अजेयकडे.

‘‘तू दोन वर्षं इथं होतास,’’ ती हळू म्हणाली.

तो चहाच्या भांड्यात पाहत होता. ‘‘हो.’’

‘‘रोज ऐकत असशील हा शब्द.’’

‘‘दिवसातून दहादा.’’

‘‘म्हणजे तुला...’’

‘‘कळलं होतं,’’ अजेय म्हणाला. ‘‘तेव्हाच. दोन सेकंद लागले असतील.’’

रस्त्यावरून एक बस धूळ उडवत गेली.

‘‘मग हसलास का?’’

‘‘तू चुकून दार उघडून दिलंस, नूपुर. मी बाहेर पडलो.’’ त्याचा आवाज फार मऊ होता. ‘‘बदली मीच मागितली होती. दिवाळीत. तुझं सगळं इथलं... मला इथं कायमचं राहायचं नव्हतं. आणि तू नीट ‘थांब’ म्हटलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं. तुला माहितेय मी कसा आहे.’’

‘‘मी आले असते पुण्याला,’’ ती म्हणाली. ‘‘तेच सांगणार होते पुढे.’’

त्यानं मान वर केली नाही. आणि ते पाहून तिला कळलं, की हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

आरशासमोरचे सगळे दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले. आईनं पदरानं टिपलेले डोळे. बूट घालायची चेष्टा करणारी चार वर्षांची मुलगी, जिला ती गेला महिनाभर दोष देत होती. चूक तिची असती तर किती बरं झालं असतं!

‘‘रागावलीस?’’ अजेय म्हणाला. ‘‘बोल ना काहीतरी. शिव्या दे मला. इथं आल्यावर वाटलं, तुझ्या तोंडून निदान चार शब्द ऐकायला मिळतील...’’

नूपुरनं रिकामं भांडं टोपलीत टाकलं. पर्स खांद्याला लावली. ती हसलीसुद्धा — रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी.

‘‘नहीं, नहीं, ऐसी कोई बात नहीं,’’ ती म्हणाली. ‘‘मेरी बस आ गई है। आप निकलिए, आपको देर हो रही होगी।’’