पिळाचं दुसरं टोक

जुनी चित्रं साफ करणं हे माझं काम. रिकार्टन या उपनगरात घरामागच्या गॅरेजमध्येच माझं वर्कशॉप आहे. जुलैत, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात, नीताताईनं एक चित्र आणून दिलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, प्रकाशनं, आकारोआ या किनाऱ्यावरच्या गावात जुनं घर घेतलं होतं. चित्र त्या घरातच टांगलेलं सापडलं.

"मैत्रेयी, फार काळवंडलंय गं. दिसेल असं कर," ती म्हणाली.

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातलं खेडं, तिथल्याच कुणा चित्रकारानं रंगवलेलं. असली चित्रं मी पुष्कळ पाहिली होती. दगडी घरं, सफरचंदाची झाडं, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. सुंदर आणि निरुपद्रवी. कापसाचा बोळा फिरवत गेले तसं तपकिरी व्हार्निश सुटत गेलं. आधी गॉर्सची पिवळी झुडपं उजळली, मग ओढा, मग काठावर धुणं धुणारी एक बाई. ती उभी राहून लांब पांढरं कापड पिळत होती. एवढं कापड पिळायला दोघी लागतात. दुसरं टोक कुणी धरलेलं नव्हतं, तरी कापड हवेत ताठ होतं.

दुसरी बाई नंतर कुणीतरी रंग फासून झाकली असेल, असं मला वाटलं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चित्र धरलं. वरून दिलेला रंग असता तर गडद डाग दिसला असता. डाग नव्हता. तिथं कधीच कुणी नव्हतं.

नीताताईला विचारावं म्हणून फोन केला. प्रकाशनं उचलला.

"ती ओढ्यावर आहे."

"या थंडीत?"

"धुणं धुते. रोज. चित्र तुझ्याकडे दिल्यापासून. मशीन व्यवस्थित चालू आहे आमचं. शनिवारी येशील का? माझं ऐकत नाही ती."

शनिवारी ड्राइव्ह करून गेले. दुपारचं लख्ख ऊन होतं, टेकड्यांवर गॉर्स फुललेला. प्रकाशची दाढी वाढली होती. त्यानं चहाचंही विचारलं नाही. मला सरळ मागच्या दाराशी नेलं.

परसातून ओढा वाहत होता. नीताताई गुडघाभर पाण्यात पाठमोरी उभी होती. हातात लांब पांढरं कापड.

"ते आमच्या घरातलं नाही," प्रकाश हळू आवाजात म्हणाला. "कोरं आहे. कुठून आणलं, सांगत नाही."

तो दारातच थांबला. मी उतारावरून खाली गेले. बुटांना चिखल चिकटत होता. हाक मारणार, तेवढ्यात तिनं पीळ द्यायला सुरुवात केली.

कापड ताठ झालं.

मी फांदी शोधली, खुंटी शोधली. पलीकडचं टोक हवेत होतं, आणि तिच्या उलट दिशेनं फिरत होतं. मधून पाण्याची धार लागली होती.

"नीताताई."

ती वळली. चेहरा शांत. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली.

"तू नको धरूस गं," ती म्हणाली. "आमचं होतच आलंय."

पीळ सुटला. टोकाला टोक आलं. कडेला कड जुळवून घडी पडली.

नीताताई समोरच्या रिकाम्या काठाकडे बघत होती.

"पुरेल ना?" तिनं विचारलं. "तो उंच आहे."

ती ऐकत राहिली. मग मान डोलावली, आणि दारातल्या प्रकाशकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा सावकाश पाहिलं.