सातवं नाव

जानूभाऊ, दुकानाची किल्ली हातात देण्याआधी एक विचारतो. एकाच मालाला तुम्ही दोन राखणदार ठेवलेत, आणि सकाळी दोघंही म्हणाले की चोर तो दुसरा, तर भरवसा कुणावर ठेवाल?

घाईने उत्तर देऊ नका. आमच्या वडिलांनी केळशीच्या नारळाच्या बागेत हा प्रयोग करून बघितला होता. एका राखणदाराचा विश्वास नाही म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा आणला, आणि पहिल्याला सांगितलंच नाही. आठवड्याच्या आत दोघांनी एकमेकांना चोर समजून असं बदडलं की दोघांनाही बैलगाडीत घालून वैद्याकडे न्यावं लागलं. तेवढ्यात तिसराच कुणी येऊन चाळीस शहाळी उतरवून गेला. वडील म्हणायचे, संशय मिठासारखा असावा, आमटीत चिमूटभर. मिठाचीच आमटी करू नये.

हे ऐकून मी हसलो होतो. पुढे तेच केलं.

दुकानातली ही पाटी बघताय ना, तीही वडिलांची. बंदरावरून लाँच निघायची असली की बर्फ घ्यायला खलाशी इथे यायचे, आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव वडील खडूने पाटीवर लिहायचे. परत आलं की ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने पुसायचं, आणि मगच मागच्या गोदामात जाऊन मासळीसाठी बर्फ घ्यायचा. दुसऱ्याचं नाव पुसायचं नाही. बाप असला तरी मुलाचं पुसायचं नाही. पाटी कोरी झाली की वडील दुकान बंद करायचे. एखादं नाव राहिलं तर कंदील लावून बसून राहायचे.

मी सातवी नापास माणूस. इंग्रजी शिकलो ती डिझेलच्या पिंपांवरची लेबलं वाचून. पण नव्याची हौस दांडगी. अठ्ठ्याऐंशी साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी त्याचं वापरलेलं कॉम्प्युटर मशीन आणलं आणि मागच्या खोलीत मांडलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. पाटी गेली माळ्यावर, नावं गेली मशीनमध्ये, आणि यादीची नक्कल दर आठवड्याला बंदराच्या हापिसात. पहिले चार दिवस खलाश्यांना मी त्यांच्याच बोटाने कळ दाबायला लावायचो. पण ओली बोटं, त्यावर मासळीचे खवले. कळा चिकटायला लागल्या. मग मी म्हटलं, तुम्ही नुसतं नाव सांगा, पुसतो मी. वडिलांचा नियम मी असा मोडला, चार कळा स्वच्छ राहाव्यात म्हणून.

मशीन चालवायला मला विमलाताईंनी शिकवलं. मुंबईत एका कचेरीत कॉम्प्युटरवर काम करून नवऱ्याच्या बदलीमुळे रत्नागिरीत आलेली बाई. टायपिंगचा क्लास चालवायच्या. त्या सांगायच्या की फ्लॉपीवाटे मशीनला रोग लागतो, यादीच्या यादी खाऊन टाकतो. म्हणून त्यांनी आत एक राखणदार बसवून दिला. म्हणजे असा प्रोग्रॅम, की यादीत कुणी काही बदलायला गेलं की तो पडद्यावर विचारणार : बदल होतो आहे, होऊ द्यावा? हो तर वाय दाबा, नको तर एन दाबा.

मला वाटलं, या बाईने बसवलेला राखणदार या बाईचंच ऐकत असेल तर? जाळी विकायला आलेल्या एका माणसाकडे दुसऱ्या राखणदाराची फ्लॉपी होती. ती मी घेतली आणि ताईंना न सांगता एका मंगळवारी घातली. बाग केळशीची असो की मशीन मुंबईचं, रक्त एकच.

त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, धाकू तांडेलाची लाँच सात माणसं घेऊन गेली होती. शुक्रवारी दिवेलागणीला परत आली. दारात सहा जण उभे राहिले. धाकूने सहा नावं सांगितली, मी पुसली. मग तो म्हणाला, "गुणाजीचं पण पुसा."

"तो कुठाय?"

"गुहागरला उतरला. भैनीकडे जातो बोलला."

मी बाकीच्यांकडे बघितलं. पाचही जण जमिनीकडे बघत होते. आणि धाकू, जो जन्मात कुणाला चहा पाजत नाही, त्याने समोरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा सांगितला. जानूभाऊ, एवढी वर्षं दुकानात बसलोय, मला वास येतो. पण बंदरावरचा निम्मा बर्फ एकटा धाकू उचलायचा. मी वाद घातला नाही. पडद्यावर प्रश्न आला, होऊ द्यावा? मी वाय दाबलं. सातवं नाव गेलं.

गुणाजी घरी आला नाही. आठ दिवसांनी त्याची बायको कमळा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"शेट, माझा माणूस तुमच्या यादीत आलाय का नाय, तेवढं सांगा."

"यादीत आलाय," मी म्हणालो.

"मग घरात का नाय आला?"

मी गल्ल्यावरचं कापड सारखं करत राहिलो. ती म्हणाली, "बंदराच्या हापिसात गेलं व्हतं मी. ते बोलले, शेटच्या यादीत परत आलाय म्हणून लागलंय, आमी हरवला कसं लिवायचं? सासरा बोलतो, बायकोत खोट असल्याबिगर माणूस घर टाकून जात नाय. म्हयन्याभरात तुझ्या आईकडं चालती हो बोलला." मग म्हणाली, "कुंकू लावू का पुसू, येवढं तरी कळू द्या मला."

ती गेली. त्याच संध्याकाळपासून मशीन बंद होईना.

बंद करण्याची रीत अशी, की आधी आज्ञा द्यायची, आतल्या तबकडीवरची सुई बाजूला जाऊन बसते, खट् असा आवाज येतो, मग बटण. आज्ञा दिली तर आवाज आला नाही. पडद्यावर प्रश्न आला : बदल होतो आहे, होऊ द्यावा? मी काही बदलतच नव्हतो. एन दाबलं. पुन्हा प्रश्न. पुन्हा एन. आतून घरघर चालूच, दमेकऱ्याच्या छातीसारखी. शेवटी मी तार उपटली.

सकाळी चालू केलं तर समुद्रावर गेलेल्यांच्या यादीत एक नाव वर आलेलं. गुणाजी.

पुसलं. संध्याकाळी तोच प्रश्न, सकाळी तेच नाव. असं पाच दिवस.

पहिला संशय विमलाताईंवर. कमळेशी संगनमत करून मला खेळवतायत. मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली, मशीनवर कापड घालून त्याला दोऱ्याने माझी स्वतःची गाठ मारली. ती गाठ दुसऱ्याला सुटत नाही. सकाळी कुलूप तसंच, गाठ तशीच. कापड मात्र आतून ओलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, कौलं कोरडी ठाक. मी व्यापारी माणूस, माल चाखून घेण्याची सवय. ओलं बोट जिभेला लावलं.

खारं होतं.

तेव्हा मी ताईंना बोलावणं धाडलं. त्या दुपारी आल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी चोरी पकडली.

"शेट, मला न विचारता याच्या पोटात काय घातलंत?"

"दुसरा राखणदार," मी म्हणालो.

"आणि माझ्यावर नजर ठेवायला, असंच ना? असू दे. नवरा पण ठेवतो." त्या हसल्या. मग नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या राखणदाराने मंगळवारी आत शिरताना यादीची एक नक्कल स्वतःकडे ठेवली होती. यादी बदलली दिसली की तो जुनी यादी परत ठेवायला बघतो. पहिला त्यालाच चोर समजून अडवतो. दोघे झोंबत बसतात, मग मशीन बंद कसं होणार?

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तरी एक खटकलं. "ताई, मंगळवारी सातही जण समुद्रावर होते. मग रोज एकच नाव का परत येतं? बाकीचे सहा का नाही येत?"

ताईंनी कळा दाबून यादी पुन्हा वरपासून तपासली. म्हणाल्या, "तेच मलाही कळत नाहीय."

त्यांनी दुसरा राखणदार काढला. थोडा विचार करून आपला पहिलाही काढला. यादीतून नाव पुसलं. हे होईपर्यंत दिवेलागण झाली. बाहेर लाँचींचे आवाज थांबले होते आणि खोलीत वास भरत चालला होता... मासळीचा नव्हे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाचा.

"द्या आता बंद करायची आज्ञा," त्या म्हणाल्या.

मी दिली. घरघर चालू राहिली. आणि हिरवी अक्षरं एक एक करून उमटली. बदल होतो आहे. होऊ द्यावा?

ताई खुर्चीवरून उठल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शेट... हे विचारणारा मी आत्ता काढलाय."

"मग कोण विचारतंय?"

"आत कुणी नाही. दोघांतला एकही नाही..." त्यांनी पदर नाकाला लावला. "तुम्ही काय केलंय, शेट?"

मी सांगितलं. धाकूचा चहा, जमिनीकडे बघणारे पाच जण, आणि मी दाबलेलं वाय, सगळं. सांगत असताना कळांवर पाणी दिसायला लागलं. वरून ठिबकत नव्हतं. कळांच्या फटींतून वर येत होतं.

ताई म्हणाल्या, "होऊ द्या म्हणावं त्याला."

मी वाय दाबलं. कळ थंडगार होती. पडद्यावर नाव उमटलं, गुणाजी, समुद्रावर. आणि त्याच क्षणी आत खट् असा आवाज झाला. सुई जागेवर बसली.

दुसऱ्या दिवशी कमळेला घेऊन मी धाकूकडे गेलो. तो जाळं शिवत बसला होता. मी एवढंच म्हणालो, "धाकू, गुणाजीचं नाव मी परत लावलंय." त्याचा हात थांबला. मग बोलला. हेदवीसमोर जाळं सोडताना गुणाजीच्या पायात दोर अडकला आणि जाळ्याबरोबर तो पाण्यात ओढला गेला. रातभर शोधला, शेट. लाँच नवी, लायसन जाईल म्हणून सगळ्यांकडून शपथा घेतल्या.

मी हापिसात जाऊन माझी यादी खोटी होती असं लिहून दिलं. धाकूचा बर्फ गेला, गेला. सासऱ्याने कमळेला जा म्हणायचं सोडलं. ती माझ्या पायरीवर बसली आणि तिने पदराने कपाळ पुसलं, स्वतःच्या हाताने. रडली नाही. म्हणाली, "आता बरा वाटला."

मशीन मी ताईंच्या क्लासला दिलं. तिथे ते शहाण्यासारखं बंद होतं. पाटी माळ्यावरून खाली आली आणि सगळ्यात वर मी खडूने गुणाजीचं नाव लिहिलं. ते पुसणार कोण? राहू दे म्हटलं. राहिलं, नऊ महिने.

आता श्रावण चालू आहे. लाँची सगळ्या काठावर झावळ्यांनी शाकारलेल्या, समुद्रावर कुणी नाही. पाटीवर एकच नाव होतं. परवा सकाळी दुकान उघडलं तर पाटी कोरी.

जवळ जाऊन बघा, अजून दिसतंय. ओल्या तळव्याने पुसलेलं, पाच बोटं उमटलीयत. खाली फरशीवर पावलं होती, ओली. रस्त्याच्या दारापासून पाटीपर्यंत आली होती. आणि पाटीपासून मागे गेली होती, गोदामाकडे. नाव पुसलं की माणूस बर्फ घ्यायला जातो, रीतच आहे ती. गोदामाचं कुलूप जसंच्या तसं होतं. परत येणारी पावलं मी शोधली. नव्हती.

परवापासून ते दार मी उघडलेलं नाही.

दुकानाचा व्यवहार ठरलाय, मागे फिरायचं तर आत्ता फिरा, मी वाईट वाटून घेणार नाही. नाहीतर ही घ्या किल्ली. एकच मागणं आहे, जानूभाऊ. हिशेब खरा ठेवा. सात गेले तर सात लिहा, आणि दुसऱ्याचं नाव कधी पुसू नका. आणि गोदाम उघडाल तेव्हा आत गेलेली माणसं मोजा, बाहेर आलेलीही मोजा. एक जास्त भरला, तर तेही लिहून ठेवा.