सात आठे चोपन्न

अंगावर पाण्याचा पहिला तांब्या घेतला की इंगळे गुरुजींच्या डोक्यात रोज एकच विचार सुरू व्हायचा. आज चुकायचं कशात? काल भूगोलात चुकून झालं होतं, परवा इतिहासात. सारखं एकाच विषयात चुकलं तर पोरं सावध होऊन बसतात आणि फार ढोबळ चुकलं तर नुसती हसतात. चूक अशी हवी की आधी कानावरून निघून जाईल आणि मग थोड्या वेळानं कुणाला तरी खटकेल.

"घरात चुकायला कधी एवढा विचार करावा लागला नाही तुम्हाला," त्यांच्या पत्नी रोहिणीताई बाहेरून म्हणायच्या. गुरुजी आतल्या आत हसायचे आणि दुसरा तांब्या घ्यायचे.

ही काय भानगड, ते कळायला थोडं मागं जायला हवं. उंबरपाटी हे केळीच्या बागांमधलं गाव. तिथल्या शाळेत सोबती आला तेव्हा गुरुजींची निम्मी नोकरी सरली होती. सोबती म्हणजे चिंचोक्याएवढं एक यंत्र. ते कानात बसवलं की त्या मुलाच्या कलानं, त्याच्याच घरच्या बोलीत त्याला शिकवू लागायचं. ते रागवायचं नाही, थकायचं नाही आणि कधी चुकायचं नाही. सुरुवातीला गुरुजींनी पुष्कळ तणतण केली. पण ज्या पोरांपुढं कपाळ बडवूनही वजाबाकी डोक्यात शिरत नव्हती, ती वर्षाच्या आत अपूर्णांक सोडवू लागली, तेव्हा गुरुजी गप्प बसले. खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं होतं.

मग वरच्या लोकांनी एक चाचणी घेतली. सोबतीला मुद्दाम खोटं बोलायला लावलं. मीठ पाण्यात विरघळत नाही, असं त्यानं मुलांना सांगितलं. मुलांच्या हातात पाण्याचा पेला होता, त्यात त्यांनी स्वतः मीठ टाकलं, ढवळलं, दिसेनासं झालेलं पाहिलं, घोट घेऊन तोंड वाकडंही केलं. आणि उत्तर लिहिलं, विरघळत नाही. जवळजवळ प्रत्येकानं. तो पेल्यांचा व्हिडिओ पाहून राज्यभरात शिक्षण खात्याच्या तोंडचं पाणी पळालं. जे कधी चुकतच नाही त्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरांना शंका घेणं ठाऊकच नव्हतं.

त्यावर उपाय म्हणून चूकपाठ आला. दुपारच्या सुट्टीनंतर सगळे सोबती दाराजवळच्या पेटीत ठेवायचे. शेवटची घंटा होईपर्यंत वर्गात फक्त गुरुजी आणि खडू-फळा. त्या वेळात गुरुजींनी एक खोटी गोष्ट अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायची किंवा लिहायची. दिवसाला एकच, दुसरी नाही. मुलांनी ती पकडायची. जो पकडेल त्याच्यासाठी वर्ग टाळ्या वाजवणार. कुणालाच नाही सापडली, तर घंटेच्या आधी गुरुजींनी ती कबूल करून दुरुस्त करायची.

तालुक्याला प्रशिक्षण झालं, तेव्हा जन्मभर चुका खोडत आलेले शिक्षक चेहरा न बदलता चुकायची तालीम करत होते. सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. इंगळे गुरुजी मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी साहेबांना विचारलं, "उद्या आम्ही खरं बोललो तर पोरं विश्वास ठेवतील का आमच्यावर?" साहेब म्हणाले, अहो गुरुजी, दिवसाला एकच तर चूक, बाकी सगळं खरंच असणार की. गुरुजी खाली बसले. पण तो प्रश्न त्यांच्या मनातून काही गेला नाही. यंत्र ज्ञान देतं, तर देऊ दे. आपल्याजवळ उरलाय तो फक्त शब्द, आणि तोच आपण रोज थोडा थोडा खर्च करतोय, असं त्यांना वाटत राहिलं.

तरी त्यात ते तरबेज झाले, हेही खरं. पोरांचा चौकसपणा वाढला, डोळे उघडले. चौथीतली जुई भालेराव तर पक्की होती. ती कधी घाईनं हात वर करायची नाही. हनुवटीखाली मूठ घेऊन गुरुजींकडे बघत बसायची आणि इतरांचं चाचपडून झालं की शांतपणे चुकीवर बोट ठेवायची. एकदा गुरुजींनी तिला विचारलं, तुला कळतं कसं गं? ती म्हणाली, "चुकताना तुमचे कान लाल होतात." सगळा वर्ग त्या दिवसापासून गुरुजींचे कान बघायला शिकला. गुरुजींनी घरी आरशासमोर उभं राहून खोटं बोलून पाहिलं. पोरगी खरं सांगत होती.

जुईला ताप आला तेव्हा केळीची कापणी जोरात होती. आधी गावातच औषध झालं, मग तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. पुढच्या आठवड्यात येईल, असं गुरुजींनी वर्गाला सांगितलं होतं. तिच्या वडिलांनी त्यांना तसंच सांगितलं होतं. तिच्याच बाकावर बसणारी नूपुर बारी तिची जागा धरून ठेवण्यासाठी रोज तिथं आपली पाण्याची बाटली ठेवायची. कुणी सरकून बसायला आलं की नुसतं बाटलीकडं बोट दाखवायची.

त्या दिवशी गुरुजी डबा खात असताना जुईच्या काकांचा फोन आला. भावाला बोलवत नाही म्हणून मी करतोय, असं ते म्हणाले. ताप मेंदूत गेला होता, सकाळीच संपलं सगळं. गुरुजींनी हातातला घास डब्यात ठेवला. त्यांना पहिल्यांदा आठवली ती नूपुरची बाटली.

ते मुख्याध्यापिका तडवी मॅडमांच्या खोलीत गेले, तर त्यांना आधीच कळलं होतं. त्या डोळे पुसत होत्या.

"सोबतीलाही कळलंय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "घंटा झाली, पोरांनी कानात घातला, की तो एकेकाला सांगेल. त्यासाठी त्याच्याकडे शब्द तयार आहेत. मी वाचलेत, चांगले आहेत."

"चांगलेच असतील. पण मॅडम, पोरं त्या वेळी रस्त्यानं एकेकटी घरी जात असतील. प्रत्येकाला आपापल्या कानात कळायचं का हे? ती या वर्गातली होती. सगळ्यांना एकत्र कळू द्या. मी सांगतो."

मॅडमांनी त्यांच्याकडे बघितलं. "मग घंटेच्या आत सांगा," त्या म्हणाल्या. "नंतर माझ्या हातात काही नाही."

गुरुजी वर्गात आले. मुलांनी सोबती पेटीत टाकले, पेटीचं झाकण लागलं, आणि रोजच्यासारखी सगळी पोरं कान टवकारून बसली. सकाळी ठरवलेली चूक गुरुजींच्या डोक्यातून कधीच गेली होती. त्यांनी पोरांना गणितं सोडवायला दिली, आणि धीर करता करता घंटेला थोडाच वेळ उरला. मग ते टेबलाला टेकून उभे राहिले. रडायचं नाही, नीट सांगायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"मुलांनो, एक वाईट बातमी आहे. आपली जुई आज सकाळी दवाखान्यात वारली. ती आता शाळेत येणार नाही."

वर्ग शांत झाला. गुरुजींना वाटलं, पोहोचलं. पण मग त्यांनी चेहरे पाहिले. ते चेहरे दुःखाचे नव्हते, शोधणारे होते. पोरं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखत होती. पहिल्या बाकावरच्या शर्विलनं हात वर केला.

"सापडली, गुरुजी. जुई येणार आहे. तुम्हीच म्हणालात, पुढच्या आठवड्यात येईल."

"मला तसंच वाटलं होतं, बाळा."

तेवढ्यात नूपुर उभी राहिली. तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. "कान बघा गुरुजींचे," ती म्हणाली. "लाल झालेत."

रडू दाबून धरलेल्या माणसाचेही कान लाल होतात, हे त्या पोरांना कुणी सांगावं? वर्गात हसू पसरलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. नियमच होता तो. चूक पकडणाऱ्यासाठी टाळ्या. जुईच्या मरणावर चौथीचा अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता आणि गुरुजी फळ्याला पाठ लावून उभे होते.

प्रशिक्षणातला तो प्रश्न त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला होता. ते पुन्हा म्हणाले, ही चूक नाही, खरं आहे. पोरं आणखी हसली, कारण चूक वठवायला गुरुजी हे नेहमीच म्हणत. गळ्याला हात लावून शपथ घ्यावी, तर मागं एकदा देवमासा अंडी घालतो म्हणताना त्यांनी तीही घेऊन टाकली होती. मॅडमांना बोलवावं, तर दोघं मिळून फसवतायत असं पोरं म्हणतील. खिडकीतून व्हरांड्यात शिपाई दिसत होता, त्यानं घंटेचा हातोडा हातात घेतला होता. आता यंत्रच सांगेल, आणि पोरं यंत्रावर विश्वास ठेवतील. गुरुजींना स्वतःची फार कीव आली.

मग त्यांना नियम आठवला. दिवसाला एकच चूक.

ते वळले, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ७ × ८ = ५४. लिहून बाजूला सरकले. सातचा पाढा त्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही झोपेत येत होता. आता कुणीतरी हात वर करणार, छप्पन म्हणणार, आणि आजची चूक तिथं संपणार. चूक संपली की आधीचं सगळं आपोआप खरं ठरणार. दुसरा मार्ग त्यांना सुचला नाही.

शर्विलचा हात सवयीनं वर निघाला. निम्म्यावर आला आणि थांबला. त्यानं फळ्याकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं, मग मान वळवून त्या बाटलीकडं पाहिलं. त्याचा हात हळूहळू खाली आला. वर्गातलं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. एकेका चेहऱ्यावर ते पोहोचताना गुरुजींना दिसत होतं. सगळ्यांना चूक दिसत होती. कुणीही हात वर करत नव्हतं.

"कुणाला काही खटकतंय का?" गुरुजींनी विचारलं.

नूपुर उभीच होती. "बरोबर आहे ते, गुरुजी."

"नीट बघ, नूपुर."

"सात आठे चोपन्न," ती म्हणाली. तिचा हात बाटलीवर होता. "बरोबर आहे."

शर्विल उठून उभा राहिला आणि त्यानं पाढा म्हणायला सुरुवात केली. सात एके सात, सात दुणे चौदा. बाकीची पोरं उभी राहत गेली आणि पाढ्यात मिसळत गेली, रोजच्या चालीत, रोजच्या हेलात. सात सक बेचाळीसला मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. सात साते एकोणपन्नासला आवाज कापायला लागले. आणि मग सगळ्या वर्गानं, जितकं मोठ्यांदा म्हणता येईल तितकं मोठ्यांदा म्हटलं, सात आठे चोपन्न. पुढचं कुणाला म्हणता आलं नाही.

गुरुजी खुर्चीत बसले आणि पोरांसमोरच रडले. पोरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. ठेवला म्हणूनच तर ती सगळी मिळून खोटं बोलत होती. चोपन्न बरोबर ठरलं असतं, तर जुईची बातमी चूक ठरली असती. ज्या पोरांनी हातात पेला धरून मीठ विरघळत नाही असं लिहिलं होतं, त्यांनीही खोटंच लिहिलं होतं, पण ते खोटं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. यांना सगळं ठाऊक होतं. हे त्यांना आपण शिकवलं की ती आपली आपण शिकली, हे गुरुजींना सांगता आलं नसतं. फळ्यावरची चूक आपणच दुरुस्त करायची, असा नियम होता. त्यांचा हात काही डस्टरकडे जाईना.

घंटा झाली. पेटीच्या फटीतून हिरवा उजेड लुकलुकू लागला, सोबती जागे झाले होते. पोरांनी एकदा तिकडं पाहिलं. दप्तरं पाठीवर होती, पण दाराकडे कुणी गेलं नाही.

नूपुर बाकातून बाहेर आली. येताना तिनं बाटली उचलून छातीशी धरली. ती फळ्यापाशी आली, चवड्यांवर उंच झाली आणि तळहातानं चोपन्नमधला चार पुसून टाकला. पाच तेवढा राहिला. त्याच्या शेजारी तिच्या हाताचा पांढरा डाग उमटला. गुरुजींनी खडू पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"गुरुजी," तिनं विचारलं, "सहा उद्या लिहिला तर चालेल का?"